मेल्या अळ्यांचं गणित

सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. माझ्या आत्यांच्या तोंडी एक शब्द कायम असतो, तो म्हणजे मेला. मेला मोबाईल, मेली लाईट, मेली ती एस्टी आज पुन्हा चुकली. त्यात दर वेळी राग असतोच असं नाही. लाडक्या गाईलासुद्धा त्या ‘मेले, सरक की’ म्हणतात आणि तिच्या पाठीवरून हात फिरवतात. माझं माहेर नगर शहरातलं. आमच्याकडे हा शब्द कुणी खरंच मेल्यावरच निघायचा, त्यामुळे लग्नानंतर पहिले काही महिने मी दचकायचे. मग सवय झाली. इतकी झाली की तो शब्द मला ऐकू येईनासा झाला. माझी पीएचडी त्या एका शब्दापायी जायची वेळ आली होती.

मी नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि केडगावात राहते. सासर पारनेर तालुक्यात, पुणे रस्त्यानं सुप्याच्या पुढे जाऊन आत वळलं की. मामंजी गेल्यापासून आत्या तिथं एकट्याच असतात, स्वतःच्या हट्टानं. गोठ्यात संकरित गाई आहेत आणि त्यांच्या मुरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी, वर्षातून दोनदा तरी मका उभा असतो. आम्ही दोघांनी केडगावला या म्हटलं की त्या विचारतात, ‘गाईबी यायच्या का तुमच्या फ्लॅटमधी?’

त्या मक्यावरच मला विषय सुचला. मक्यावर लष्करी अळी पडते. शेंड्याची कोवळी पानं एकमेकांत गुंडाळून जो पेला तयार होतो त्याला पोंगा म्हणतात, आणि ही अळी त्या पोंग्यात बसून आतल्या आत पानं खाते. पतंग एका जागी अंड्यांचा पुंजका घालतो, त्यामुळे सुरुवातीला एकेका पोंग्यात अळ्यांची गर्दी असते. पुढे मात्र बहुतेक पोंग्यांत एकच दांडगी अळी उरते. बाकीच्यांचं काय होतं? काही उपाशी मरतात, काही मक्याच्या दुसऱ्या ताटावर जातात, आणि बऱ्याचशा बहिणीच्या पोटात जातात. एका पेल्याएवढ्या जागेतली ही चढाओढ समीकरणात मांडायची, असा माझा बेत होता. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं विचारलं, अळ्यांना कसलं आलंय गणित. मी म्हटलं, अळ्यांना नाही, मला. तो हसला, मला मात्र हसू आलं नाही.

समीकरण घरी बसून लिहिता येतं, पण अळ्या कुणीतरी मोजायला हव्यात. पावसाळी मक्याच्या वेळी माझं वेळापत्रक असं भरलेलं होतं की रोज गावाला जाणं शक्यच नव्हतं. मी आत्यांना विचारलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या. सकाळचं दूध डेअरीत घालून आलं की त्या ओळीत शिरायच्या, पोंगा उघडायच्या आणि मोबाईलचं बटण दाबून मला व्हॉइस मेसेज पाठवायच्या. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. किती आहेत ते बोला, आणि मेलेल्या असतील तर तेही बोला. रोज संध्याकाळी मी भाकरी थापता थापता ते मेसेज ऐकायचे. ‘ह्यो पोंगा. एक हाय.’ ‘ह्यो दुसरा. दोन हायत.’ ‘ह्यात चार. मेल्या.’ हात धुऊन मी आकडे कॉम्प्युटरवर भरायचे, जिवंत एका रकान्यात, मेलेल्या दुसऱ्यात.

आलेख काढला तेव्हा माझा विश्वास बसेना. पोंग्यात एक अळी असेल तर मरण जवळजवळ नाही. दोन असतील तर थोडं. तिसरीपासून वळण असं चढायचं की पुढे जवळपास सगळ्या मेलेल्या. मी कागदावर आधीच जे वळण काढून ठेवलं होतं त्यावर आत्यांचे ठिपके येऊन बसले होते. गणित शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असा आनंद फार वेळा येत नाही. मी नवऱ्याला उठवून आलेख दाखवला. तो कारखान्यातली पाळी करून आला होता, ‘मस्त’ म्हणून पुन्हा झोपला.

माझ्या नोंदणीची मुदत उन्हाळ्यात संपणार होती. मुदतवाढ एकदाच मिळते आणि ती मी बाळंतपणात वापरून बसले होते. म्हणजे हा डाव शेवटचा. म्हणूनच दिवाळीनंतर प्रगतीच्या सादरीकरणाला मी गेले ती जरा ताठ मानेनं गेले. समितीत कीटकशास्त्राच्या एक बाई बाहेरून आल्या होत्या. त्यांनी माझा आलेख बराच वेळ पाहिला. मग शांतपणे विचारलं, ‘या अळ्या एकमेकींना खातात, असं तुम्हीच लिहिलंय. मग इतक्या मेलेल्या सापडल्या कशा? खाल्लेली अळी मागं राहते कुठं?’

मी प्रश्न वहीत लिहून घेतला. तपासून सांगते, एवढंच म्हणाले. माझे मार्गदर्शक सर मान खाली घालून कागद चाळत होते. बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. टोमणा असता तर मी निदान मनातल्या मनात भांडले असते.

त्या शनिवारी मी स्कूटर काढली आणि थेट गाव गाठलं. पावसाळी मका केव्हाच कुट्टी होऊन मुरघासात गेला होता, पण हिवाळी मका गुडघ्याएवढा उभा होता. आत्यांना म्हटलं, मला दाखवा तुम्ही कसं मोजता ते. त्या पुढे, मी मागे. पहिल्या पोंग्यात एक अळी, आत्या म्हणाल्या ‘एक हाय’. पुढच्यात काहीच नाही. त्यापुढच्या पोंग्याची पानं त्यांनी अंगठ्यानं बाजूला केली, आत बारीक भुशासारखी घाण आणि त्यात वळवळणाऱ्या चार अळ्या. आत्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘ह्यात चार,’ त्या म्हणाल्या. ‘मेल्या.’

मी वाकून पाहिलं. चारही अळ्या ठणठणीत होत्या. एक तर माझ्या बोटाकडे डोकं वर करून बघत होती.

मी विचारलं, आत्या, यातली मेलेली कुठली? त्या म्हणाल्या, मेलेली कुठंय? जित्या हायत की सगळ्या, दिसंना का तुला? मग त्या पुढच्या पोंग्याकडे वळल्या आणि मी तिथंच ढेकळावर बसले. एक अळी असली की आत्या शांत असायच्या. दोन असल्या की जरा चिडायच्या. तीन-चार दिसल्या की त्यांच्या गाईंच्या तोंडचा घास चालला म्हणून त्यांचा तोल जायचा आणि शिवी निघायची. गर्दी वाढेल तशा शिव्या वाढत होत्या. पावसाळाभर मी अळ्यांच्या मरणाचं समीकरण मांडतेय असं समजत होते. प्रत्यक्षात मी सासूच्या रागाचा आलेख काढला होता, आणि तो अचूक निघाला होता.

मला आधी हसू आलं. मग रडू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. आत्यांना वाटलं मला ऊन लागलं. थंडीच्या दिवसांत कसलं ऊन, पण त्यांनी पदर ओला करून माझ्या डोक्यावर ठेवला.

केडगावला परतल्यावर मी सगळे मेसेज पुन्हा ऐकायला बसले. मेलेल्या आणि मेल्या, मधल्या एका ‘ले’चा फरक. आत्या भराभर बोलतात, वारा असतो, मागून गाय हंबरते. कुठं शिवी आहे आणि कुठं खरंच मेलेली अळी, हे आवाजाच्या चढउतारावरून ठरवता येईल असं मला वाटलं होतं. काही ठिकाणी आलंही. पण मग माझ्या लक्षात आलं की जिथं शंका आहे तिथं मी वळणाला सोयीचं तेच ऐकतेय. ते कळल्यावर मी मोबाईल उलटा करून ठेवला. त्या आकड्यांतला एकही आता माझ्या उपयोगाचा नव्हता.

सरांना सगळं सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेतातल्या आकड्यांचं प्रकरण काढून टाक. समीकरणं आहेत, त्यांची प्रमेयं आहेत, सिद्धता नीट आहेत. नुसता कागदावरचा प्रबंध दे, पदवी मिळेल. मुदत इतकी जवळ आली असताना नव्यानं मोजायला जाणं म्हणजे हातचं घालवणं. ते माझ्या भल्याचंच सांगत होते आणि त्यात खोटेपणा काही नव्हता. कितीतरी चांगले प्रबंध असेच होतात.

पण मला राग आला. सरांचा नव्हे, माझाच. मला मका सोडून मक्याचं गणित करायचं नव्हतं. अळी नावाचं एक अक्षर घेऊन पानंच्या पानं भरणं मला कधीही जमलं असतं, त्यासाठी मी या विषयाला हात घातला नव्हता. मी म्हटलं, सर, हिवाळी मका उभा आहे, मी मोजणार. त्यांनी विचारलं, आणि नाही जमलं तर? मी म्हटलं, नाही जमलं तर पदवी नाही.

आत्यांना सांगणं त्याहून अवघड गेलं. मी शक्य तितक्या हलक्यानं सांगितलं, चूक माझी आहे, मी नीट विचारलं नाही, असंही म्हटलं. त्यांनी भाकरी परतता परतता सगळं ऐकलं. ‘म्हंजी येवढे दिस मी मोजलं त्ये समदं वाया?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. खोटं बोलून त्यांना बरं वाटलं नसतं. त्या दिवशी त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात फोनही नवऱ्यालाच, तो गावाला येताना काय आणायचं ते सांगायला.

पण शनिवारी मी पोचले तर आत्या डोक्याला रुमाल बांधून बांधावर तयार. त्यांनी तोडगा काढला होता. त्या म्हणाल्या, ‘मी तोंडच उघडनार न्हाई. पोंगा उघडीन आन् बोटं दावीन. जिती आसंल तर बोट उभं, मेली आसंल तर बोट आडवं. तू लिही.’

आणि आम्ही तसंच केलं. दर शनिवार-रविवार, मध्ये कॉलेजची सुट्टी आली तर तेही दिवस. आत्या एका बाजूनं पोंगा उघडायच्या, मी दुसऱ्या बाजूनं डोकं घालून बघायचे, त्या बोटं दाखवायच्या आणि मी लिहायचे. दोघींचं जुळलं नाही तर पुन्हा मोजायचं. चार बोटं दाखवताना त्यांचे ओठ हलायचे ते मला दिसायचं, पण आवाज निघायचा नाही. मक्याची पानं हाताला कापायची, दवानं आत्यांची साडी आणि माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजायची, आणि थंडीत अळ्या इतक्या सावकाश वाढत होत्या की मला त्यांना ढकलावंसं वाटायचं. मुलगी नवऱ्याकडे. पेपर तपासायचे गठ्ठे गोठ्यात बसून तपासले, त्यातल्या एका गठ्ठ्याचा कोपरा कालवडीनं चघळला. थकायला व्हायचं, पण सोडून द्यावं असं मला एकदाही वाटलं नाही. मी मुळात चिवट नाही. त्या हिवाळ्यात मात्र झाले.

स्वतः बघायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की माझं जुनं समीकरणच चुकीचं होतं, आकडे खरे असते तरी. मी नुसती संख्या धरली होती. किती आहेत यावर कोण मरणार हे ठरतं, असं मानलं होतं. पोंग्यात तसं होत नव्हतं. सारख्या अंगाच्या दोन-तीन अळ्या एकत्र बऱ्यापैकी नांदत होत्या. एक जरा मोठी झाली की बारक्या नाहीशा व्हायला लागायच्या. आडवं बोट आत्यांनी क्वचितच दाखवलं, कारण मेलेली अळी मागं राहतच नव्हती. त्या बाईंनी विचारलं होतं ते अगदी खरं होतं. मग मी एकाऐवजी दोन समीकरणं मांडली, एक मोठ्या अळ्यांचं आणि एक बारक्यांचं, आणि दोघींना एकमेकींत गुंतवलं. वळण पहिल्याइतकं देखणं आलं नाही. ठिपके आजूबाजूला सांडत होते. पण ते आमचे होते, दोघींनी डोळ्यांनी पाहिलेले.

एके दिवशी मी सहज त्या समीकरणात मोठ्या अळीच्या जागी शून्य घातलं. म्हणजे पोंग्यातली मोठी अळी मध्येच नाहीशी झाली तर काय होईल, ते पाहिलं. बारक्यांची रेघ वर चढली. एकीच्या जागी दोन, कधी तीन अळ्या वाढणार आणि पान आधीपेक्षा जास्त खाल्लं जाणार, असं ती सांगत होती. मी आकडेमोड पुन्हा केली, तेच आलं. आणि मी पेन खाली ठेवलं, कारण आत्या वर्षानुवर्षं नेमकं तेच करत होत्या. त्या औषध कमीत कमी मारतात, गाईंच्या पोटात जातं म्हणून. त्याऐवजी, आमच्या मोजायच्या ओळी सोडून, ओळीओळीनं फिरून पोंग्यातली मोठी अळी चिमटीनं काढून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकतात. बारक्यांकडे बघतही नाहीत.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज परत आला. आपन मका कधीपासून करतोय आन् तू कधीपासून, असं त्यांनी ऐकवलं. मोठी काढली की पोंगा मोकळा, ह्ये आंधळ्यालाबी कळंल. बारकी काय खानार, नखायेवढं तोंड तिचं. मी वाद घातला नाही. म्हटलं, तुमचं खरं की गणिताचं, ते मक्यालाच विचारू. तीन ओळी घेऊ. एकीला हात लावायचा नाही. दुसरीतली फक्त मोठी काढायची, तुमच्या पद्धतीनं, तुम्हीच. तिसरीतली मोठी-बारकी सगळी काढायची. आत्यांनी मान डोलावली. पैजेवर आलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता आणि माझाही झाला असणार.

मधल्या दिवसांत मला झोप नीट लागली नाही. समीकरण खोटं ठरलं असतं तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. सरांचा कागदी प्रबंधाचा रस्ता मी स्वतः बंद केला होता. आणि ते खरं ठरलं तर आत्यांसमोर ते कसं मांडायचं, हाही प्रश्न होताच. पण ठरलेल्या दिवशी मी गेले. ओळी उघडायचं काम मी आत्यांनाच करायला सांगितलं. मला पुन्हा काही सोयीचं दिसायला नको होतं.

हात न लावलेल्या ओळीत जवळजवळ प्रत्येक पोंग्यात एकच बोट उभं राहिलं. सगळ्या काढलेल्या ओळीत बहुतेक पोंगे रिकामे. मग आत्या आपल्या ओळीशी आल्या. पहिल्या पोंग्यात दोन बोटं. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन, आणि तिन्ही अळ्या मध्यम अंगाच्या, पान फाटून जाळी झालेलं. चौथा पोंगा उघडायच्या आधी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वहीत बघत राहिले. त्या थांबल्या नाहीत. ओळीच्या शेवटापर्यंत एकेक पोंगा उघडत गेल्या, बोटं दाखवत गेल्या. दोन असतील तिथं एक दाखवणं त्यांना सहज जमलं असतं, कारण त्या दिवशी मी पलीकडून वाकून बघत नव्हते.

प्रबंध मुदतीत गेला, त्या प्रकरणासकट, हे सांगून टाकते. पण मला तो दिवस आठवतो तो त्यासाठी नाही.

ओळ संपली तेव्हा आत्या कंबर धरून उभ्या राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, गाईच्या आजारापासून माझ्या बाळंतपणापर्यंत सगळ्यातलं त्यांना माहीत असतं, आणि नसलं तरी त्या तसं म्हणत नाहीत. त्यांनी जाळी झालेल्या त्या ओळीवरून नजर फिरवली.

‘ह्ये मला ठावं न्हवतं,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या बोलण्याची वाट पाहिली नाही. साबणाच्या पाण्याचा डबा उचलून त्या ओळीच्या सुरुवातीला गेल्या, पहिला पोंगा पुन्हा उघडला आणि बारक्या अळ्या वेचायला लागल्या.